जेट्टा, सोलापूरचं ऊन आणि मऊ रबराचे टायर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. गाडी फोक्सवॅगनची जेट्टा, टायरचं माप २०५/५५ आर १६ (शेवटचे १६ म्हणजे रिमचे इंच), टायर पाच वर्षांचे आणि नक्षी झिजून गोटे व्हायला आलेले. घर जुळे सोलापुरात, आठवड्यातून एकदा पुण्याची फेरी. मनात हाय परफॉर्मन्स समर टायर आहेत. पण एक मित्र म्हणतो, मऊ रबर आपल्या उन्हात वितळेल, वर्षभरात संपेल. दुसरा म्हणतो, नावातच समर आहे, म्हणजे उन्हाळ्यासाठीच केलेत, डोळे झाकून घे. त्यात सतरा इंची अलॉय चाकं टाकायची का, हाही विचार चाललाय.

दोन्ही मित्र चुकतायत. मी याच मापावर स्कोडाची लॉरा बारा वर्षं चालवतोय. कंपनीतून आलेल्या टायरनंतर एक सेट साधा टूरिंगचा, म्हणजे रोजच्या प्रवासाचा, जास्त टिकणारा घेतला, मग एक परफॉर्मन्सचा, आणि आता गाडीखाली दुसरा परफॉर्मन्सचा सेट आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

'समर' या शब्दाचा आपल्या मे महिन्याशी काही संबंध नाही. युरोपात हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात, त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि बाजूवर डोंगर व बर्फकणाचं चिन्ह असतं. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक पडायला लागतं, म्हणून तिथे दोन सेट ठेवतात. जो सेट बर्फासाठी नाही, तो समर. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतसुद्धा पारा सहसा तिथवर उतरत नाही. त्यामुळे बारा महिने आपण समर टायरच्याच हवामानात राहतो. नावावर जाऊ नका.

आता वितळण्याचं. टायरच्या बाजूवर ९१ व्ही किंवा ९१ डब्ल्यू असं छापलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत आणि डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंत वेग. त्या वेगाने आपण कधीच जाणार नाही, जाऊही नये. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर कारला मर्यादा १०० ची आहे. पण ते अक्षर वाचायचं ते उष्णतेसाठी. वेगाची चाचणी म्हणजे खरं तर टायर स्वतःची उष्णता किती सोसतो याची चाचणी. बऱ्याच टायरांवर टेंपरेचर ए, बी किंवा सी अशी श्रेणीही असते, त्यात ए सगळ्यात वरची. परफॉर्मन्सच्या टायरांना सहसा ए असतोच. म्हणजे उन्हात टिकण्याच्या बाबतीत हा टायर साध्या टायरपेक्षा कमजोर नाही. झिजतो मात्र लवकर, आणि ती गोष्ट वेगळी आहे.

मे महिन्यात टायर फुटल्याच्या बातम्या येतात, तेव्हा सगळे रबराला आणि उन्हाला दोष देतात. मी आजवर फुटलेले जे टायर हातात घेऊन पाहिलेत, त्यातल्या बहुतेकांची आतली बाजू भुग्यासारखी झालेली होती. कमी हवेवर चालवल्याची ही खूण. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने आतून तापते, आणि तासभर शंभरच्या वेगाने गेल्यावर आतले धागे रबरापासून सुटतात. बाहेर ४३ अंश असताना डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं, त्यामुळे थंड होण्याची सवड टायरला मिळतच नाही. ऊन त्यात भर घालतं, पण सुरुवात कमी हवेने होते.

म्हणून हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कुठलाही टायर घेतलात तरी हे लागेल. जेट्टाच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे. त्यावर किती माणसं, किती सामान, यानुसार दोन-तीन आकडे आहेत. सहकुटुंब अक्कलकोट-गाणगापूरला निघालात की भरलेल्या गाडीचा आकडा घ्यायचा. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची. मी तीनेकशे रुपयांचा गेज घरात ठेवलाय. एका मे महिन्यात सकाळी सहाला मोजली तेव्हा ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा तीच ३७ दाखवत होती. हे अगदी बरोबर आहे, हवा तापली की दाब वाढणारच, पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. नेमकी इथेच माणसं चूक करतात. पंपावर ३७ बघून घाबरतात आणि चार पॉइंट काढून टाकतात. टायर थंड झाल्यावर तिथे २९ उरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कमी हवेवर पुन्हा शंभरने प्रवास. तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नका.

थांबलात की आणखी एक करा. चारही टायरच्या बाजूवर तळहात टेकवून बघा. चारही सारखेच गरम लागले पाहिजेत. उन्हाच्या बाजूचे दोन किंचित जास्त गरम लागतील, पण एकच टायर चटका देत असेल तर त्याची हवा उतरतेय. मला इंदापूरच्या अलीकडे असाच एक सापडला होता, व्हॉल्व्हमधून बारीक गळती होती. दिसायला तो बाकीच्या तिघांसारखाच होता.

नायट्रोजनबद्दल विचारलं नाहीत, पण दुकानात विचारतीलच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. भरला तर नुकसान नाही, फक्त त्याच्या भरवशावर मोजणं बंद करू नका.

मग हे टायर घ्यायचे कशासाठी? आपले रस्ते सरळ आहेत. पुणे रस्ता सरळ, हैदराबाद रस्ता सरळ, विजापूर रस्ता तर बघायलाच नको. वळणावर चिकटून जायची मजा म्हणाल तर तुळजापूरच्या घाटात थोडी, बाकी नाही. माझं म्हणणं एकच आहे. सोलापूरकराने हा टायर वळणासाठी घेऊ नये, ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकसाठी घ्यावा.

हे मला टूरिंगच्या सेटवर कळलं. तो सेट तेव्हा साडेचार वर्षांचा होता, नक्षी तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कायद्याने चालणारी, कारण मर्यादा १.६ ची आहे. सप्टेंबर संपत आला होता. आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच पडतो हे तुम्हाला माहीतच आहे. पुण्याहून परत येताना मोहोळ सोडलं, संध्याकाळचे सात वाजले होते, सर येऊन नुकतीच थांबलेली. रस्त्यावर पाणी साचलेलं नव्हतं, फक्त चकाकत होता. दुभाजकाच्या फटीतून एक मोटारसायकल मधे आली, मागे वैरणीचा भारा आडवा बांधलेला. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थडथड सुरू झाली आणि गाडी पुढे जातच राहिली. ती थडथड मला अजून पायात जाणवते. डाव्या आरशाला भाऱ्याचं टोक घासलं, चार काड्या आरशात अडकून राहिल्या, आणि तो माणूस मागे वळूनही न बघता निघून गेला. कुणाला काही झालं नाही. मी पुढे बाजूला गाडी घेऊन बराच वेळ तशीच उभी ठेवली.

त्या महिन्यातच परफॉर्मन्सचे टायर घेतले. बसवायच्या आधी आणि नंतर, पाऊस पडून गेल्यावर एका रिकाम्या सर्व्हिस रोडवर तीच गोष्ट करून बघितली. ताशी साठ, ठरलेल्या खांबाशी पूर्ण ब्रेक, मग पावलांनी अंतर मोजायचं. जुन्या टायरवर ३१ पावलं, नव्यावर २४. ही प्रयोगशाळा नव्हे, शिवाय झिजलेल्या जुन्याची नव्याशी तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय जातीला देता येत नाही. पण सात पावलं म्हणजे माझ्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त.

याचं कारण रबरात आहे. या टायरांच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते. ओल्या डांबरातल्या बारीक खडीच्या कंगोऱ्यांवर रबर दबलं, बसलं, तरच पकड मिळते, आणि मऊ मिश्रण तिथे बसतं. जुनं, उन्हात वाळलेलं रबर वरच्यावर घसरतं. आपल्याकडे उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर रबर आणखी लवकर कडक होतं. म्हणून नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर मी टायरवर विश्वास ठेवत नाही. तुमचे पाच वर्षांचे झालेतच, पुढचा पाऊस त्यांच्यावर काढू नका.

किंमत कुठे मोजावी लागते, तेही सांगतो. टूरिंगचा सेट मला ५५ हजार किलोमीटर गेला, परफॉर्मन्सचा ३२ हजार. पेट्रोल-डिझेलची सरासरीही जराशी उतरली. टायरवर ट्रेडवेअर असा आकडा असतो, तो बघा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ वर ३२० आहे, टूरिंगच्या टायरांवर त्याहून बराच मोठा असतो. आकडा जितका मोठा तितका टिकाऊ, पण हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवर देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांची करा.

तुमची फेरी आठवड्याला सुमारे पाचशे किलोमीटरची, म्हणजे वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार. शहरातलं धरून सव्वा वर्षाच्या आतच सेट संपेल. हा खर्च झेपत असेल तर घ्या. झेपत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. चांगल्या कंपनीचा, ओल्या रस्त्यावर नाव असलेला टूरिंग टायर घ्या आणि नक्षी तीन मिलिमीटरवर आली की बदलून टाका. महागडा टायर गोटा होईपर्यंत ओढण्यापेक्षा मला हे कधीही जास्त पटतं. तुमच्या चालण्यात मी स्वतः कदाचित हेच केलं असतं. माझं वर्षाचं चालणं आता दहा हजारांच्या आत आहे, म्हणून मला परफॉर्मन्सचे परवडतात.

सतरा इंचाचं माझं स्पष्ट मत नको असं आहे. मापात बसतं, हे खरं. २०५/५५ आर १६ चा पूर्ण व्यास ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४, त्यामुळे मीटरचा वेग फारसा चुकणार नाही. पण टायरच्या कडेची उंची ११३ वरून १०१ वर येते. शहरातले खड्डे, पाइपलाइनसाठी खोदून नीट न बुजवलेले चर आणि रंग उडालेले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. ते बारा मिलिमीटर तिथे कामाला येतात. कड दबून रिम आणि खड्ड्याच्या काठात चिमटली की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. सोळाच ठेवा.

घेताना दोन गोष्टी स्वतः वाकून बघा. पहिली तारीख. बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जून २०२० पासून टायर आयातीवर सरकारने निर्बंध घातले, तेव्हापासून बाहेरून येणारी काही मापं मिळायला अवघड झाली, आणि कुठेतरी पडून राहिलेला माल "इंपोर्टेड, शेवटचा सेट" म्हणून समोर येतो. मला एका दुकानात तीन वर्षं जुना सेट नवीनच्या भावात दाखवला होता. लंबगोल आतल्या बाजूला होता, टायर उलटा करून मागितला तेव्हा दिसला. चारही टायरांची तारीख बघा, एकाची बघून थांबू नका.

दुसरी, बसवण्याची बाजू. या जातीचे बरेच टायर असमान नक्षीचे असतात, बाहेरचा अर्धा वेगळा आणि आतला वेगळा. बाजूवर इंग्रजीत आउटसाइड आणि इनसाइड लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्या सेटमधला मागचा उजवा टायर त्याच दुकानाने उलटा बसवला होता. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं झालं, पैसे दिले, गाडी काढली आणि गेटपाशी सहज वळून बघितलं तर चाकावर इनसाइड वाचता येत होतं. पुन्हा उतरवून घेतला. तेव्हा गाडी रॅम्पवरून उतरली की आधी भोवती एक फेरी मारा, चारही चाकांवर आउटसाइड दिसला पाहिजे. मग पैसे द्या.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. म्हणजे तुमची पहिली पुण्याची फेरी निवांत. आणि सध्या दोनच घ्यायचे ठरलं तर नवे दोन मागे टाका. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, कारण इंजिन पुढची चाकं फिरवतं. पण ओल्यात मागची चाकं सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं. पुढची घसरली तर निदान गाडी सरळ जाते, आणि पाय ब्रेकवर असतो.

स्टेपनी किती सालची आहे, तेवढं कळवा. लॉरात मी डिकीतला गालिचा उचलून पाहिलं तेव्हा ती गाडीइतकीच जुनी निघाली होती, आणि हवा फक्त १४ होती.