फरशीवरचं पाणी

प्रश्न : ताई, नातवाने हौसेने 'रोमा' हा चित्रपट लावून दिला. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसती फरशी धुताहेत! रंग नाहीत, पार्श्वसंगीत नाही, रोम शहरही नाही. ती मोलकरणीचं काम करणारी मुलगी खरंच मोलकरीण आहे का हो?
— एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, रोमा ही मेक्सिको सिटीतली एक वस्ती, जसं तुमचं गिरगाव. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन तिथेच वाढला. गोष्ट 1970-71ची, त्याच्याच घरातली.

फरशी धुवावी लागते ती बोर्रास नावाच्या कुत्र्यामुळे. तो त्या बोळात घाण करून ठेवतो, आणि मालक त्याच बोळात भलीमोठी फोर्ड गॅलक्सी इंच-इंच सरकवत आत घेतात. (आमच्या सोसायटीत रोज रात्री हाच खेळ असतो, गाडी फक्त लहान.) फरशीवर पाणी पसरलं की त्यात आभाळ उतरतं आणि त्यातून एक विमान जातं. मान खाली घालून काम करणाऱ्या क्लेओचं, त्या घरच्या मोलकरणीचं, आभाळ ते तेवढंच.

मीही पहिल्यांदा तो लोकलमध्ये, फोनवर पाहिला आणि दादर यायच्या आत बंद केला. मग एकदा रात्री घर झोपल्यावर हेडफोन लावून पाहिला. तेव्हा कळलं, संगीत नाही म्हणजे आवाज नाहीत असं नाही. कुत्री, विमानं, रस्त्यावरचा बँड, धार लावणाऱ्याची शिट्टी! लहानपणी आमच्या चाळीत धारवाला आला की आई हातातलं टाकून विळी घेऊन धावायची, ते आठवलं.

क्लेओ झालेली ती मुलगी, यालित्झा अपारिसिओ, मोलकरीण नव्हे. वाहाका राज्यातल्या त्लाशियाको गावची, बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली. बहिणीच्या आग्रहाखातर निवडचाचणीला गेली आणि पहिल्याच चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. स्वयंपाकघरातली दुसरी मुलगी, नान्सी गार्सिया, ही तिची खरी मैत्रीण. चित्रपटात दोघी आपसांत बोलतात ती मिक्सटेक, तिकडच्या आदिवासींची भाषा, यालित्झाला येत नव्हती, संवादांपुरती ती नान्सीने शिकवली. क्वारोन चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने करी आणि पूर्ण पटकथा नटांच्या हाती देत नसे. नेहमीचा छायालेखक लुबेझ्कीला वेळ नव्हता म्हणून कॅमेराही त्याने स्वतःच सांभाळला. 2019मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि त्या कॅमेऱ्याचंही.

पण आजी, मला राहून राहून आठवते ती लिबो. 'लिबोसाठी' ही अर्पणपत्रिका आहे ना, ती लिबोरिया रोद्रिगेस. क्वारोन नऊ महिन्यांचा असताना ती त्या घरी आली आणि तिनेच त्याला वाढवलं. चित्रपट करायचा ठरल्यावर त्याने तिला बसवून सगळं विचारलं. सकाळी काय करायचीस, सुट्टीच्या दिवशी कुठे जायचीस. घरातल्या वस्तू त्याला आठवत होत्या, जुनं फर्निचर त्याने नातेवाइकांकडून गोळा केलं. लिबोचा दिवस मात्र लिबोलाच विचारावा लागला.

क्लेओ फार बोलत नाही, पोरीला मुकं करून ठेवलंय, अशी टीका झाली. ती मला अर्धी पटते. अर्धीच, कारण आमच्याकडे काशी होती. मालवणकडची. दुधवाल्याशी तिचं मालवणी असं सुरू व्हायचं की थांबता थांबायचं नाही. आमच्याशी बोलताना मात्र 'हो बाई', 'नाही बाई'. स्वयंपाकघरात झोपायची. तिची वळकटी दिवसा कुठे असायची, ते मला सांगता येणार नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, असेल कुठेतरी."

प्रश्न : 'रोमा'च्या उपशीर्षकांत काही वाक्यं चौकटी कंसात का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ती मिक्सटेकमधली, बाकीची स्पॅनिशमधली. कंस नसते तर भाषा बदलली हे आपल्याला कळलंच नसतं. उपशीर्षकांवरून स्पेनमध्येही गंमत झाली. मेक्सिकोच्या स्पॅनिश संवादांखाली स्पेनच्या वळणाची स्पॅनिश उपशीर्षकं दिली होती. आईला 'मामा' म्हटलेलं, खाली मात्र 'माद्रे'! म्हणजे मालवणी 'खंय' ऐकू येतंय आणि खाली पुणेरी 'कुठे' लिहिलंय. क्वारोन भडकला आणि ती काढून टाकावी लागली.