पोकळ्या दाखवू कशा, झिओलाइट दाखवू कसं?

प्रश्न : ताई, मी भूशास्त्रात पीएचडी करतेय. बेसॉल्टच्या एका तुकड्याचा मायक्रो-सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी टिपलेले आतले सूक्ष्म छेद) मिळालाय : १००० बाय १०००च्या १००० स्लाइस, १६ बिट. आतल्या पोकळ्या आणि काहींत भरलेलं झिओलाइट हे खनिज त्रिमितीत दाखवायचंय. आयसोसरफेस काढू की व्हॉल्यूम रेंडरिंग करू? ओपनजीएल (ग्राफिक्सचं प्रोग्रामिंग) शिकावं लागेल का? लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डला ४ जीबी मेमरी आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोकळ्यांसाठी आयसोसरफेस काढ, म्हणजे एकाच ग्रे व्हॅल्यूच्या (करड्या छटेच्या आकड्याच्या) बिंदूंतून जाणारा पृष्ठभाग. हवा आणि दगड यांच्या ग्रे व्हॅल्यूंत मोठी दरी असते, त्यामुळे थ्रेशोल्ड (त्यांना वेगळं करणारा आकडा) थोडा इकडेतिकडे झाला तरी आकार फारसा हलत नाही. आयसोसरफेस काढण्याचं १९८७ सालचं तंत्र, मार्चिंग क्यूब्ज, तिथे आजही छान चालतं.

झिओलाइटचं तसं नाही. ते बेसॉल्टपेक्षा हलकं, म्हणून त्याची छटा हवा आणि दगड यांच्या मधली. आणि रिकाम्या पोकळीच्या काठावरचे व्हॉक्सेल (त्रिमितीतले पिक्सेल) अर्धे हवेत, अर्धे दगडात. त्यांची सरासरीही नेमकी मधलीच येते! नुसता थ्रेशोल्ड लावलास तर प्रत्येक रिकाम्या पोकळीला आतून झिओलाइटचं अस्तर दिसेल, जे दगडात नाहीच. असं चित्र प्रबंधात जाता कामा नये. म्हणून इथे व्हॉल्यूम रेंडरिंग घे, म्हणजे पृष्ठभाग न काढता प्रत्येक व्हॉक्सेल कमीजास्त पारदर्शक करून दाखव, आणि अपारदर्शकता ग्रे व्हॅल्यूबरोबर ग्रेडियंटवरही (छटा किती झपाट्याने बदलते त्यावरही) ठरव. काठावर ग्रेडियंट जास्त, तिथे ती शून्याकडे ने. झिओलाइटच्या पोटात ग्रेडियंट कमी, तिथे राहू दे. खरंखुरं पातळ अस्तर यात पुसलं जाऊ शकतं, तेव्हा मूळ स्लाइस शेजारी उघडी ठेव.

ओपनजीएल शिकण्यात वर्ष घालवू नकोस. व्हीटीके या त्रिमित चित्रणाच्या तयार लायब्ररीत ग्रेडियंट ओपॅसिटीची (ग्रेडियंटवरून अपारदर्शकता ठरवण्याची) सोय आहे, पायथनमधून वापरता येते. नुसतं पाहायला पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर पुरे, तेही व्हीटीकेवरच उभं आहे आणि फुकट आहे.

तुझा डेटा २ जीबीचा. चार जीबीच्या कार्डावर तो कसाबसा मावेल, फिरवताना अडकेल. तिन्ही दिशांनी निम्मा केलास की २५० एमबी. रोजचं काम त्यावर कर, शेवटची चित्रं मूळ डेटाचा तुकडा कापून काढ.

निम्मा करताना स्पेसिंग (दोन व्हॉक्सेलमधलं अंतर) बदलायला मात्र विसरू नकोस. मी एकदा एकाआड एक स्लाइस घेतली आणि झेडचं अंतर जुनंच ठेवलं. सगळे बुडबुडे चपटे दिसले, आणि लाव्हा कुठल्या दिशेने वाहिला यावर आम्ही दोन दिवस बोलत बसलो. तेव्हापासून मी आधी एक बुडबुडा निवडते, मूळ स्लाइसमधून त्याची रुंदी आणि उंची मायक्रॉनमध्ये मोजते, मग तोच त्रिमितीत मोजते. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे जात नाही.