फ्लेमिंगचा डावा हात आणि उजवा हात: कोणता कधी वापरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी दहावीत आहे. 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातले नियम पाठ आहेत, पण पेपरात कोणता हात वापरायचा तेच सुचत नाही. मुळात वीज आणि चुंबक यांचा संबंध काय? सुरुवात कुठून करू?"

हातांपासून मुळीच करू नकोस. मी अनेक वर्षं विज्ञान शिकवते आणि या धड्यात मुलं अडतात ती बहुतेक इथेच. हाताचे नियम फक्त दिशा सांगतात. काय घडतंय ते आधी डोळ्यांनी बघितलं असेल, तर ते लक्षात ठेवायला फार कष्ट पडत नाहीत.

एक छोटं होकायंत्र, प्लास्टिकचं आवरण असलेली हातभर तार आणि दीड व्होल्टचा सेल घे. होकायंत्र टेबलावर ठेव आणि सुई उत्तर-दक्षिण स्थिरावली की तार तिच्यावरून, तिला समांतर धर. आता तारेची टोकं सेलला क्षणभरच टेकव, कारण तार आणि सेल लगेच तापतात. (घरातल्या प्लगशी असला प्रयोग कधीही करायचा नाही.) सुई बाजूला वळेल. सेल उलटा केला की ती दुसऱ्या बाजूला वळेल. आता मुलं सहसा गाळतात ती पायरी: धारेची दिशा तीच ठेवून तार होकायंत्राच्या खालून ने. सुई पुन्हा विरुद्ध बाजूला जाते. वरून एक दिशा आणि खालून उलटी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तारेभोवती गोल फिरतंय. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम एवढंच सांगतो: अंगठा धारेकडे, वळलेली बोटं क्षेत्राकडे. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि तार सुईच्या वर असेल, तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे जायला हवं. स्वतः ताडून बघ.

कोपनहेगनच्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी 1820 मध्ये हेच जगापुढे मांडलं. तोवर वीज वेगळी आणि चुंबक वेगळा असंच बहुतेकांना वाटायचं. तू तार चुकून पूर्व-पश्चिम धरलीस, तर तिचं क्षेत्र सुईच्याच रेषेत येतं आणि सुई बाजूला वळत नाही. 'प्रयोग फसला' म्हणून पुष्कळ जण तिथेच सोडून देतात.

सुई किती वळेल तेही काढता येतं. तारेतून 1 अँपिअर धारा जात असेल, तर 1 सेंटीमीटरवर तिचं क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग आपल्याकडे साधारण 38 मायक्रोटेस्ला आहे. सुई या दोघांच्या ओढाताणीत मधे कुठेतरी थांबते, म्हणजे 25 ते 30 अंशांवर. धारा दुप्पट केली की क्षेत्र दुप्पट होतं आणि अंतर दुप्पट केलं की निम्मं.

हा परिणाम किती खरा आहे ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेला विचारावं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या धारेचं क्षेत्र या नाजूक नोंदी बिघडवणार हे उघड होतं. म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं, तेही लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. ट्राम 1907 मध्ये धावू लागल्या. आपल्या धड्यातल्या एका वाक्यापायी अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे गेली, ही गोष्ट मला वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तारेचे वेढे एकापुढे एक घातले की नालकुंतल होतं. प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र आत एकाच दिशेला येतं, त्यामुळे ते बळकट होतं आणि बाहेरून नालकुंतल पट्टीचुंबकासारखं वागतं. आत नरम लोखंडाचा गाभा घातला की विद्युतचुंबक तयार. कायमच्या चुंबकातही मूळ हलत्या विद्युतप्रभाराशीच जोडलेलं आहे, फक्त ते अणूच्या आत, इलेक्ट्रॉनच्या पातळीवर असतं. म्हणून चुंबकाचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतातच.

आता फ्लेमिंगचा डावा हात. धारेमुळे चुंबकावर बल येतं, तर चुंबकामुळे धारावाहक तारेवरही बल यायलाच हवं. तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट धारेकडे, तिन्ही बोटं एकमेकांना काटकोनात, की अंगठा बलाची दिशा दाखवतो. मोटार याच बलावर फिरते. कुंडलाच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, दोन बाजूंना धारा उलटसुलट असते, म्हणून एक बाजू वर आणि दुसरी खाली ढकलली जाते. अर्ध्या फेरीनंतर धारा उलटवली नाही, तर कुंडल पुढे फिरत राहणार नाही. ते काम दुभागलेलं कडं आणि कार्बनचे ब्रश करतात.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. गोंधळ पुढच्या भागात आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

धारेतून चुंबकत्व मिळतं, मग चुंबकातून धारा का मिळू नये, असं ओरस्टेडनंतर अनेकांना वाटलं. जिनिव्हाच्या कोलाडन यांनी 1825 मध्ये कुंडलात चुंबक घालून बघितला. चुंबकाचा थेट परिणाम गॅल्व्हानोमीटरवर, म्हणजे धारा दाखवणाऱ्या काट्याच्या उपकरणावर, होऊ नये म्हणून त्यांनी तो लांब तारांनी दुसऱ्या खोलीत ठेवला होता. चुंबक आत घालायचा, मग त्या खोलीत जाऊन काटा बघायचा. काटा प्रत्येक वेळी शून्यावर. तो हलत होता, पण ते पोचेपर्यंत पुन्हा शून्यावर आलेला असे. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये नेमकं हेच पकडलं: चुंबक आत जाताना काटा एका बाजूला सरकतो, बाहेर येताना दुसऱ्या बाजूला, आणि आत नुसता पडून असला तर शून्य. चुंबक कितीही ताकदवान असो, कुंडलातून जाणारं क्षेत्र बदलत नसेल तर धारा नाही. या धड्यातला एकच शब्द अधोरेखित करायचा असेल तर 'बदल' हा कर. 'चुंबक कुंडलात स्थिर ठेवल्यास काय होईल?' या प्रश्नाला चांगले गुण मिळवणारी मुलंही 'धारा वाहील' असं लिहितात.

क्षेत्राच्या बदलामुळे मिळणाऱ्या या प्रवर्तित धारेची दिशा फ्लेमिंगचा उजवा हात सांगतो. बोटांची कामं तीच आहेत: तर्जनी क्षेत्र, मधलं बोट धारा. अंगठा मात्र इथे तारेच्या गतीकडे धरायचा. कोणता हात हे ठरवायला उदाहरण वाचून एकच विचार: धारा आपण दिली आहे आणि तार हलते आहे, की तार आपण हलवली आहे आणि धारा मिळते आहे? धारा दिली असेल तर मोटार, डावा हात. हालचाल दिली असेल तर जनित्र, उजवा हात.

पण दोन हात का? हे एकदा करून बघ. समज, क्षेत्र वहीच्या पानात आत, खाली जातंय आणि तू तार उजवीकडे ढकलतोय किंवा ढकलतेय. उजव्या हाताची तर्जनी पानाकडे खाली, अंगठा उजवीकडे, तळवा समोर: मधलं बोट तुझ्यापासून दूर जातं. ही झाली प्रवर्तित धारा. आता ही धारा चुंबकीय क्षेत्रात वाहतेय, म्हणजे तिच्यावरही बल येणारच. डावा हात शेजारी आण. तर्जनी खाली, मधलं बोट तुझ्यापासून दूर. अंगठा कुठे गेला? डावीकडे. तू तार उजवीकडे ढकलतेस, आणि मिळालेली धारा तिला डावीकडे रेटते. हाच लेन्झचा नियम. उलट झालं असतं, तर तारेला एकदा टिचकी मारली की ती आपणहून वेग घेत गेली असती आणि फुकटात वीज मिळाली असती. निसर्गात तसं चालत नाही. कोयनेच्या जनित्राला पाण्याचा एवढा रेटा लागतो तो यासाठीच: आपण जितकी जास्त वीज घेऊ, तितकं ते फिरायला जड होतं.

हा विरोध हाताला जाणवून घ्यायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी आण आणि आत सैल बसेल असा लहान निओडिमियम चुंबक वरून सोड. नळीला तो चिकटत नाही, तरी इतका संथ खाली येतो की वरून डोकावून त्याचा प्रवास बघता येतो. नळीत उमटणाऱ्या धारा त्याला अडवत असतात. त्याच आकाराचा साधा खडू सोडून फरक बघ.

शेवटी गल्लीतल्या डीपीकडे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे, बघ. तिच्या आत दोन कुंडलं आहेत आणि त्यांच्यामध्ये तारेचा जोड नाही, आहे तो फक्त लोखंडी गाभा. तरी एकातली वीज दुसऱ्यात पोचते, कारण आपल्याकडची धारा 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 वेळा दिशा पालटणारी आहे, आणि गाभ्यातलं क्षेत्र सतत बदलत राहतं. डीपीजवळ ऐकू येणारी घरघर याच बदलाने गाभ्याला बसणाऱ्या कंपांची असते. तिथे बॅटरीची दिष्ट, म्हणजे दिशा न पालटणारी, धारा दिली तर दुसऱ्या कुंडलात काय मिळेल, कधी मिळेल आणि का, हे पुस्तक न उघडता चार ओळींत लिहून इथेच खाली टाक, मी तपासून देते.