६०% अल्कोहोलची सिंगल माल्ट व्हिस्की (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेली) कशी चाखावी? पाणी घातलं तर ती बिघडते का?

अजिबात बिघडत नाही. तुम्हाला भेट मिळालेल्या ग्लेनफार्कलास १०५ या स्कॉटलंडच्या ६०% व्हिस्कीमध्ये असं बरंच काही दडलेलं आहे जे पाण्याशिवाय हाती लागतच नाही. मात्र पहिला घोट नुसता घ्या, आणि पाणी चमच्या-चमच्याने घाला.

ही एवढी कडक का, ते आधी सांगतो. स्कॉटलंडमध्ये माल्ट व्हिस्की मुरवायला लाकडी पिंपात भरतात तेव्हा ती साधारण ६३.५% असते. पिंपातून दरवर्षी सुमारे २% उडून जाते आणि तिथल्या थंड, दमट हवेत ताकदही, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, हळूहळू उतरते. बाटलीत भरताना बहुतेक कंपन्या पाणी घालून ती ४० किंवा ४३ टक्क्यांवर आणतात; ४० च्या खाली जायला तिथला कायदाच परवानगी देत नाही. १०५ च्या बाबतीत ते पाणी किती घालायचं हे तुम्ही ठरवायचं. नावातला आकडा 'प्रूफ' या अल्कोहोलच्या जुन्या ब्रिटिश मापाचा आहे: १०० प्रूफ म्हणजे ५७.१%, म्हणून १०५ म्हणजे ६०%. आपल्याकडच्या बाटल्यांवर '७५ प्रूफ, ४२.८%' छापलेलं असतं, ते याच मापातलं.

आता चाखण्याविषयी. ३० मिली पुरे. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्या, रुंद ग्लासात वास पसरून जातो. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. आपल्या उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते, तेव्हा अल्कोहोलची वाफ जास्त उठते आणि बाकी सगळं झाकून टाकते. अशा वेळी मी बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतो. बर्फ मात्र नको, त्याने वास मिटतो. शेव-फरसाणही नंतर, तिखट जिभेला पुढचं काही कळणार नाही.

ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. ग्लासात नाक खुपसलंत तर ते बधिर होईल आणि पुढची पंधरा मिनिटं वाया जातील. पहिला घोट अगदी थेंबभर. तो जिभेवर फिरवा, लाळ मिसळू द्या, मग गिळा. चव ओळखायची घाई करू नका, हा घोट फक्त तोंडाला सवय लावण्यासाठी. दुसऱ्या घोटात मनुका, काळा खजूर आणि साखर करपवल्याचा कडसर गोडवा समोर येतो. यातला सुकामेव्याचा भाग स्पेनहून येणाऱ्या ओलोरोसो शेरी या वाइनच्या पिंपांचा.

मग पाणी. ३० मिलीत एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली घातलं की ताकद ५१ च्या आसपास येते. दोन चमच्यांनी ४५. माझ्या मते ही व्हिस्की ५० च्या जवळ सगळ्यात सुरेख लागते: संत्र्याची साल, जायफळ, जुन्या लाकडाचा तुरटपणा एकेक करून सुटे होतात. तीन चमचे घातले की ती ४० वर येते आणि माझ्या जिभेला पातळ वाटू लागते. तुमचं गणित वेगळं निघेल, म्हणून प्रत्येक चमच्यानंतर थांबून वास घ्या.

यामागचं एक कारण स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर तपासलं. व्हिस्कीच्या धुरकट वासाला कारण असलेला ग्वायाकॉल, ताकद ५९% च्या वर असेल तर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो. ४५% पर्यंत खाली आलं की तो पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाजवळ राहतो. अभ्यास एका रेणूचा होता, पण ६० च्या बाटलीला पाणी हवंच, हे मला त्यावरून पटतं.

एक महत्त्वाचं: हिच्या ६० मिली पेगमध्ये ३६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. नेहमीच्या ४२.८% व्हिस्कीचे ८४ मिली प्यायल्यासारखंच ते. शेजारी साधं पाणी ठेवा, आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.

ही आवडली तर पुढे गोव्याची पॉल जॉन क्लासिक सिलेक्ट कास्क शोधा. ५५.२%, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांतली. मनुका-खजूर तिच्यात नाही, मध आणि व्हॅनिला आहे, आणि तिला मी एका चमच्यापेक्षा जास्त पाणी घालत नाही.