खाडा

बाळा,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. मी जागीच होते, मटकी निवडायची राहिली होती. तरी लगेच उत्तर दिलं नाही. मोबाईलवर मी एका बोटानं टाइप करते, आणि तेवढ्या वेळात माझा राग निघून जातो. तो जाऊ नये म्हणून कागदावर लिहितेय. डब्याच्या पिशवीतून पाठवते. डबा आत्ता उघडू नकोस, आधी हे वाच.

तुझ्या अभ्यासिकेतल्या मैत्रिणीनं जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचली, आणि हॉस्पिटलमधून परत आली त्याला आज बावीस दिवस झाले. पहिल्या संध्याकाळी तिच्या खोलीत तुम्ही अकराजणी होतात. चहा मीच पाठवला होता, म्हणून आकडा माहीत आहे. त्यानंतर तू तिच्याकडे फिरकली नाहीस. का, तर "मी गेले की तिला सगळं आठवेल, तिला विसरू द्यावं ना काकू?" आणि "मी काही प्रोफेशनल नाही." हा प्रोफेशनल तुझ्या मेसेजमध्ये तीनदा आलाय.

ती काहीही विसरलेली नाही. तुझी पावलं दाराशी वाजत नाहीत, याचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला असणार. आणि तो तू समजतेस तसा नसणार. दुसऱ्यांदा जा. हे मी या पत्रात इतक्या वेळा सांगणार आहे की तुला कंटाळा येईल. येऊ दे.

मेस काढून मला तीस वर्षं होऊन गेली. खाड्याची वही तू रोज बघतेस, दाराशी दोरीला बांधलेली. येणार नसाल तर आदल्या दिवशी लिहायचं, तेवढे पैसे हिशोबातून वजा. न सांगता कुणी आलं नाही तर मी नावापुढे फुली मारते आणि पैसे वजा करत नाही. तुम्हा पोरांना वाटतं काकू पैशाला चिकट आहे. आहेच. पण फुलीचं कारण ते नाही.

२००३ साली एक मुलगा जेवायला होता, परभणीकडचा. ताक दोनदा मागायचा आणि वाटी स्वतः विसळून ठेवायचा. स्पर्धा परीक्षेच्या मुख्य परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला आणि त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. खोलीवर परत आला त्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा घेऊन गेले. आत उभं राहायला जागा नव्हती. मी म्हणाले, "झालं गेलं विसर, आईबापाकडे बघ." तो "हो काकू" म्हणाला. मी मोकळी झाले. तिसऱ्या आठवड्यात तो जेवायला येईना. मला वाटलं झोपला असेल, मग वाटलं गावी गेला असेल. सहा दिवस मी माझ्या हातानं सहा फुल्या मारल्या. त्याचा जिना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. पोळ्या लाटताना समोरच असायचा तो. सातव्या दिवशी त्याच्या खोलीचं दार दुसऱ्यांनी उघडलं.

वैकुंठ स्मशानभूमी आपल्या नवी पेठेतून चालत किती लांब आहे तुला माहीत आहे. तिथे अख्खी मेस आली होती.

एका डॉक्टरबाईंनी मला नंतर बजावून सांगितलं, असं कुणी एका कारणानं जात नाही, आणि एका माणसाच्या हातात ते नसतं. पटलं. तुलाही सांगते, कारण तुझ्या मेसेजमध्ये "मी आधीच ओळखायला हवं होतं" हे वाक्य आहे, ते खोडून टाक. पण मी तो जिना चढले नाही, हे कुठल्याही डॉक्टरला खोडता येत नाही.

दोन वर्षांनी मी एका हेल्पलाइनवर जाऊ लागले. दुपारी मेस आवरली की तीन ते सहा. तिथे मला ऐकायला शिकवलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मधे तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि "जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यायचा विचार येतो का?" हे आडवळण न घेता विचारायचं. विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही. अभ्यासातून तसं दिसलेलं नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. हे तूही सरळ विचार. पण त्यांचा नियम असा की फोन ठेवला की संपलं. नाव नाही, पत्ता नाही, उलटा फोन नाही. चार वर्षं मी तो पाळला. मग एकदा एका मुलाला विचारून बसले, कुठे राहतोस, येऊ का डबा घेऊन? समन्वयक बाईंनी मला बोलावून घेतलं. मी भांडले आणि बाहेर पडले. अनोळखी आवाजाला निनावीपणाचीच सोय लागते, नाहीतर तो फोनच करणार नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणते माझं बरोबर होतं. बरं, अर्धं बरोबर होतं. आणि तसं पाहिलं तर तू अनोळखी आवाज नाहीस. शास्त्री रोडवरून गांजवे चौकापर्यंत यायला तुला किती वेळ लागतो?

हेल्पलाइनवर असताना मिळालेली एक झेरॉक्स मी गॅसबुकात ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईसुद्धा, जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्या १८६७ लोकांवर केलेला अभ्यास, २००८ साली छापलेला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना त्याशिवाय तासभर नीट समजावून सांगणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. कसा आहेस, काही लागतंय का, एवढंच. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले १८ जण आत्महत्येनं गेले होते, दुसऱ्यातले २. अमेरिकेत जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं त्याच्याही कितीतरी आधी, उपचार पुढे नको म्हणणाऱ्या पेशंटांना पाच वर्षं छोटी छोटी पत्रं पाठवली होती. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, एवढाच मजकूर. पत्रं मिळणाऱ्यांत पहिली दोन वर्षं मृत्यू कमी झाले. पुढे सगळ्या ठिकाणी इतका फरक दिसला असं नाही, डॉक्टर लोक त्यावर वाद घालतात. घालोत. मी वाद घालायला मोकळी नाही, माझी कणीक भिजायची असते.

त्या नऊ भेटींचं वेळापत्रकही झेरॉक्समध्ये आहे: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. तू पहिला आणि दुसरा चुकवलास. चौथा आत्ता चालू आहे.

डॉक्टर नको असं मी कुठे म्हणतेय? डॉक्टर हवाच. पण ओपीडीत तिला महिन्यातून दहा मिनिटं मिळणार. उरलेल्या दिवसांचं काय? हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच पुण्यात बापू ट्रस्टच्या 'सेहेर' या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाच्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षं वस्त्यांमध्ये घरोघर जातात. लॉ कॉलेज रोडच्या आयएलएसमधल्या मानसिक आरोग्य केंद्रानं 'आत्मीयता' नावाचं काम नाशिक जिल्ह्यातल्या गावांपासून सुरू केलं. त्यातही गावातलीच माणसं शिकवून तयार केली, ती जाऊन बसतात, ऐकतात, लागलं तर दवाखान्यात पोचवतात. त्यांच्यातलंही कुणी तुझ्या अर्थानं प्रोफेशनल नाही.

गेल्यावर काय बोलू, विचारतेस. काही बोलू नकोस. मेथी घेऊन जा निवडायला. तिच्या नोट्स झेरॉक्सला न्यायच्या का विचार. "एवढं काय झालं होतं" आणि "आईबापाचा तरी विचार करायचास" ही दोन वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. दुसरं मी बोलून बसलेय एकदा. ती म्हणाली, कुणाला सांगणार नाहीस ना, तर कबूल होऊ नकोस. सांग, एरवी कुणाला नाही, पण तुझ्या जिवाचं असेल तर मी गप्प बसणार नाही. मागच्या वेळी तिचा हात ज्या गोष्टीकडे गेला ती खोलीत नको, आणि औषधं कुणाच्या ताब्यात ठेवायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. ती वेळ लाटेसारखी असते, ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नको आणि शेजारी माणूस हवं. कधी तिचं बोलणं ऐकून तुझ्या पोटात गोळा आला तर तिला एकटं सोडू नकोस. १४४१६ लाव, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. वेळच आली तर १०८, नाहीतर रिक्षात घालून सरळ ससून हॉस्पिटल. आणि मला उठव, किती का वाजलेले असेनात.

तिची खोलीमालकीण म्हणते "पोलिसांची भानगड नको, महिनाअखेर खोली खाली कर." तिचं मी बघते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ मी तिला दारात उभं राहून सांगून आलेय: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. नव्या न्यायसंहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही, हेही सांगितलं. बाईंना कायद्यापेक्षा भाडेकरू मिळणार नाही याची चिंता जास्त. तीन महिन्यांचं भाडं मी कबूल केलंय. माझ्या मुलाला सांगू नकोस.

मुलगा म्हणतो, "आई, लोकांच्या पोरांचे जिने चढलीस, माझ्या खोलीत किती वेळा डोकावलीस?" त्याला उत्तर द्यायला गेले की मेसचे हप्ते, त्याची फी, असलंच काहीतरी निघतं तोंडातून. हे तुला का सांगतेय? कारण हे एकटीनं करायचं नसतं. मी एकटीनं केलं आणि घरचं बुडवलं. तुझी पूर्वपरीक्षा आहे, ती बुडवू नकोस. त्या अकराजणींतल्या चौघी धर, वार वाटून घ्या. तुझा वार नसेल तेव्हा खुशाल फोन बंद करून पॉलिटी वाच. पण वार असेल तेव्हा पाऊस आहे, टेस्ट सिरीज आहे, हे ऐकून घेणार नाही. ती दार उघडणार नाही, वैतागेल, "रोज रोज काय येतेस" म्हणेल. माझ्यावर वैतागलीच.

हो, मी जातेय. तिच्या नावापुढे मंगळवारपासून फुल्या आहेत. पहिल्या फुलीला गेले तर "भूक नाही काकू" म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्याला पायरीवरच बसून राहिले, गुडघा धरून. अर्ध्या तासानं तीच बाहेर आली. सरळ विचारलं. म्हणाली, विचार येतात, पण आज तसं काही नाही. शुक्रवारी ओपीडी आहे, भाऊ येतोय, त्याच्याशी मी बोललेय. आज तिसरी फुली, आणि माझा गुडघा आज तो जिना चढणार नाही.

पिशवीत दोन डबे आहेत. निळ्या झाकणाचा तिचा, तिखट कमी घातलंय. आमटी वरच्या खणात आहे, पिशवी सरळ धर.

काकू