ब्रिटनमध्ये हेल्थ सायकॉलॉजी शिकायला येण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए. सायकॉलॉजी झालंय, सध्या एका डायबिटीस क्लिनिकमध्ये काउन्सेलर म्हणून काम करताय, आणि ब्रिटनमधल्या एम.एस्सी. हेल्थ सायकॉलॉजीच्या (आजार आणि आरोग्याच्या बाबतीत माणसं का व कशी वागतात, याचा अभ्यास) दोन ऑफर हातात आहेत. वर्षभरानंतर तिथे हेल्थ सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येईल का? नवऱ्याला बरोबर नेता येईल का? आणि कर्ज काढून यावं एवढं त्या शिक्षणात काही आहे का? मी याच वाटेने आले आणि आता इथल्या एका हॉस्पिटलमध्ये हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते डिपॉझिट भरायच्या आधी कळलेलं बरं. ब्रिटनमध्ये ‘हेल्थ सायकॉलॉजिस्ट’ हे पद कायद्याने राखीव आहे. २००९ पासून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, या संस्थेच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. त्या रजिस्टरपर्यंत जाण्याचे दोन टप्पे आहेत. एम.एस्सी. हा स्टेज वन. त्यानंतर स्टेज टू, म्हणजे किमान दोन वर्षं देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. तो एकतर विद्यापीठाच्या प्रोफेशनल डॉक्टरेटमधून करता येतो, नाहीतर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या स्वतंत्र मार्गाने. संशोधन, सल्लागारी, शिकवणं, वर्तनबदलासाठीचं काम, व्यावसायिक वागणूक या सगळ्यांत तुम्ही तयार आहात हे त्यात पुराव्यानिशी दाखवावं लागतं. विद्यापीठांच्या माहितीपत्रकात एम.एस्सी.चं वर्णन भरभरून असतं, स्टेज टू एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

या दोन्हींच्या आधीची एक पायरी आहे आणि आपल्याकडच्या मुलामुलींची गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. तिला जीबीसी (ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप) म्हणतात. तुमची पदवी सोसायटीच्या निकषांनुसार ‘सायकॉलॉजीची पदवी’ ठरते की नाही, याचा हा निर्णय. अभ्यासक्रमाचा किमान अर्धा भाग सायकॉलॉजीचा हवा, जैविक, बोधात्मक, सामाजिक, विकासात्मक, व्यक्तिभेद, संशोधनपद्धती हे मुख्य भाग त्यात आलेले हवेत, आणि स्वतः माहिती गोळा करून केलेला संशोधन प्रकल्प हवा. आता तुमची तीन वर्षं आठवा. एफ.वाय.ला सायकॉलॉजीच्या जोडीला इतिहास, राज्यशास्त्र, भाषा, एस.वाय.लाही थोडंफार तेच, आणि टी.वाय.ला पूर्ण सायकॉलॉजी. अशी पदवी या हिशोबात कमी पडू शकते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले प्रयोग म्हणजे प्रकल्प नव्हे.

विद्यापीठ तुम्हाला जीबीसीशिवायही एम.एस्सी.ला प्रवेश देऊ शकतं, आणि पदवी खरीखुरी मिळते. पण पुढे स्टेज टूचं दार उघडत नाही. ‘आम्हाला ऑफर मिळाली म्हणजे आमची पदवी चालली’ असं समजून आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना हे डिसेंबरात, फी भरून झाल्यावर कळलं. म्हणून सोसायटीकडे पदवीचं मूल्यांकन आत्ताच करून घ्या. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट आणि तुमच्या वर्षीचा सिलॅबस लागेल. सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यासकट मिळवायला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी हातात घ्या.

मूल्यांकनात पदवी कमी पडली तर कन्व्हर्जन एम.एस्सी. नावाचा कोर्स असतो, तो केला की जीबीसी मिळते. यातले काही ऑनलाइन आहेत, म्हणजे नोकरी न सोडता, व्हिसा न काढता, घरून करता येतात. तुमच्या जागी मी असते आणि जीबीसी नसती, तर हाच मार्ग धरला असता. मात्र तो कोर्स सोसायटीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः तपासा. तुमच्या दोन्ही ऑफरही त्याच यादीत, ‘स्टेज वन’ या सदरात शोधा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, किंग्ज कॉलेज, बाथ, सरे, स्टर्लिंग ही नावं या विषयात पूर्वीपासून ओळखीची आहेत, पण मान्यता विद्यापीठाला नसते, कोर्सला असते. ‘हेल्थ’ आणि ‘सायकॉलॉजी’ हे दोन्ही शब्द नावात असूनही स्टेज वन नसलेले कोर्स आहेत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडेल. शिक्षणात काही आहे का? आहे, भरपूर आहे.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. डायबिटीसच्या पेशंटला आपण सांगतो, रोज पाय तपासत जा. पेशंट मान डोलावतो आणि तपासत नाही. मग आपण पुन्हा समजावतो, माहितीपत्रक देतो, गँगरीनची भीती घालतो. इथे पहिल्या सत्रातच या सवयीला चाप बसतो. सुझन मिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं कॉम-बी नावाचं मॉडेल आहे: कोणतंही वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. मग प्रश्न बदलतात. या बाईंना वाकून तळपाय दिसतो का? नजर तेवढी आहे का? घरात उजेड असलेली, निवांत बसायची जागा आहे का, आरसा धरायला कोणी आहे का? की पायाला काही झालेलं दिसलं तर पुढे काय ऐकावं लागेल या भीतीने त्या बघतच नाहीत? पहिल्या अडचणीला माहितीपत्रकाचा काही उपयोग नाही, आणि शेवटच्या अडचणीत भीती घालणं उलट नुकसानच करतं. उपाय ठरवण्याआधी अडथळा कुठे आहे ते शोधायची ही शिस्त अंगात भिनली, की पेशंटला ‘ऐकत नाही’ म्हणणं आपोआप बंद होतं.

याच मंडळींनी २०१३ मध्ये वर्तनबदलाच्या तंत्रांची एक यादी केली, १६ गटांत ९३ तंत्रं. वर्गात आम्हाला एखादं साधं माहितीपत्रक देऊन त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या तंत्रात बसतं ते लिहायला लावायचे. ‘जास्त चाला’ कशातच नीट बसत नाही. ‘जेवण झालं की दारापासून कोपऱ्यापर्यंत दहा मिनिटं चालायचं’ यात मात्र कृती, वेळ आणि जागा ठरलेली आहे. काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यानंतर कोणताही आरोग्य कार्यक्रम बघताना नजर पहिल्यासारखी राहत नाही.

पेशंटशी बोलण्याचं, म्हणजे मुलाखतीचं, तंत्र शिकवताना आमच्या जोड्या करून संभाषण रेकॉर्ड करायचे. एका वर्गमैत्रिणीचं रेकॉर्डिंग लागलं होतं. पेशंट झालेला मुलगा म्हणाला, ‘इनहेलर घ्यायला हवा ते कळतं, पण रोज घेतला की आपण आजारी आहोत असं वाटत राहतं.’ ती लगेच इनहेलरचे फायदे सांगू लागली. शिक्षिकेने तिथे थांबवलं, वाक्य पुन्हा लावलं, आणि विचारलं, ‘त्याने आत्ता काय सांगितलं?’ त्याला औषधाची गरज पटलेली होती, त्याची चिंता वेगळीच होती. गरज आणि चिंता यांच्या या ओढाताणीवर रॉब हॉर्न यांचं मोठं काम आहे. दीर्घकालीन आजारात विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे. आजाराबद्दल माणसाच्या डोक्यात काय चित्र आहे, तो किती काळ राहणार, कशामुळे झाला, हातात काही आहे का, हे विचारल्याशिवाय औषधाचं बोलू नये, ही गोष्ट मी आजही रोज वापरते. इन्शुलिन म्हणजे शेवट, असं मनात धरून बसलेले पेशंट तुम्हालाही भेटत असतीलच.

एका बाबतीत मात्र आधीच सावध करते. बहुतेक स्टेज वन कोर्समध्ये पेशंट बघायला मिळत नाहीत. हा क्लिनिकल कोर्स नव्हे. संशोधन आणि संख्याशास्त्र यांचं वजन मोठं आहे. एसपीएसएस किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर, अभ्यासात किती माणसं हवीत याचं गणित, मुलाखतींचं ओळ न् ओळ विश्लेषण, एथिक्सचा अर्ज, सहभागींसाठीचं माहितीपत्र. प्रबंधासाठी हॉस्पिटलचे पेशंट घ्यायचे तर एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेगळ्या परवानग्या लागतात आणि त्यातच महिने जातात, त्यामुळे बरेच जण ऑनलाइन सर्व्हे किंवा समाजातल्या लोकांच्या मुलाखती करतात. तुम्हाला आकड्यांचा धाक वाटत असेल तर निघण्याआधी संख्याशास्त्र घोटून या. आणि मार्कांनी घाबरू नका: ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ६४ मिळाले म्हणजे काम चांगलं झालं. निबंधात शिक्षकांना तुमचं मत हवं असतं, तेही पुराव्यावर उभं केलेलं. सगळ्या सिद्धांतांची नुसती ओळख करून देणाऱ्या निबंधाला इथे पन्नाशीतच ठेवतात.

नवऱ्याचं: जानेवारी २०२४ पासून शिकवून होणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला डिपेंडंट म्हणून आणता येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनाच्या पदवीला येतं, सरकारी शिष्यवृत्तीवर असाल तरी येतं. तुमच्या कोर्सला नाही. हे वर्ष वेगळं राहूनच काढावं लागेल.

पैशांबद्दल, फी सोडून: हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचं शुल्क) विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. राहण्याखाण्याचे नऊ महिन्यांपर्यंतचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसले पाहिजेत. एक दिवस जरी कमी झाले तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. टीबीची चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळ सुट्टीत धरत नाहीत. म्हणजे ‘उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून कर्ज फेडीन’ हा हिशोब मनात असेल तर तो काढून टाका.

कोर्सनंतर इथे राहून काम करण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिने. आता हे स्टेज टूच्या शेजारी ठेवून बघा. स्टेज टूला किमान दोन वर्षं, हातात १८ महिने. त्यात आधी अशी नोकरी मिळवायची जिथे स्टेज टूची सगळी कौशल्यं दाखवता येतील, आणि स्वतंत्र मार्ग असेल तर सुपरवायझरचा खर्चही बहुधा स्वतःचा. एनएचएसमधल्या असिस्टंट सायकॉलॉजिस्टच्या जागेला शेकड्याने अर्ज येतात आणि नोकरी देणाऱ्याकडून व्हिसासाठी स्पॉन्सरशिप क्वचित मिळते. स्कॉटलंडमध्ये प्रशिक्षणार्थी हेल्थ सायकॉलॉजिस्टच्या पगारी जागा निघतात, पण थोड्या. तुमच्या व्हिसावर अर्ज चालतो का ते प्रत्येक जाहिरातीत वाचा. मास्टर्सनंतर लगेच मिळण्यासारखी कामं म्हणजे संशोधन साहाय्यक, सिगारेट सोडवणाऱ्या सेवांमधले सल्लागार, स्थानिक कौन्सिलच्या आरोग्य विभागातल्या जागा. ही कामं चांगली आहेत, मी ती कमी लेखत नाही, पण प्रत्येक ठिकाणी मुलाखतीत व्हिसाचा प्रश्न येतोच.

परत जायचं ठरलं तर? ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सला मान्यता देणारा करार २०२२ मध्ये दोन्ही देशांत झाला आहे, त्यामुळे पीएच.डी. किंवा अध्यापनासाठी ही पदवी वापरता येण्यासारखी आहे. पण तिच्या जोरावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी मिळत नाही. तुमचं खरं मन थेरपीत आणि मानसिक आजारांच्या उपचारांत असेल तर हा कोर्स तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्टच सांगते. आणि डायबिटीस, हृदयविकार, कॅन्सर, जुनाट दुखणी यांत माणसं का वागतात तशी वागतात हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल, तर यासारखं दुसरं शिक्षण नाही.

म्हणून माझं म्हणणं: यंदाच निघायचा हट्ट धरू नका. दोन्ही विद्यापीठांना लेखी विचारा की ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येईल का, जीबीसी नसलेल्या विद्यार्थ्याला कोर्सनंतर नेमकं काय मिळतं, प्लेसमेंट आहे का, आणि गेल्या काही वर्षांतले परदेशी विद्यार्थी स्टेज टूपर्यंत गेले का. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा. दरम्यान क्लिनिकमध्ये एखादं छोटं ऑडिट करा, परवानगी घेऊन. किती पेशंट फॉलोअपला येत नाहीत, आणि न येण्याची कारणं ते स्वतः काय सांगतात. अर्जातल्या दोन पानी स्तुतीपेक्षा ते इथल्या प्राध्यापकांना जास्त बोलकं वाटेल, आणि पुढे प्रबंधाचा विषयही त्यातूनच निघेल.

तिन्ही वर्षांच्या विषयांची आणि पेपरांची यादी मला कळवलीत, तर जीबीसीच्या दृष्टीने काय कमी पडतंय ते मी बघून सांगते. निर्णय सोसायटीचाच, पण कुठे हात घालायचा ते तरी कळेल.