ठाण्यात राहतो, नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. परदेशी कीड-रोग बागेत येऊ नयेत म्हणून काय करावं?

सगळ्यात मोठा धोका म्हणजे परदेशातून बॅगेत घालून आणलेल्या द्राक्षवेलीच्या काड्या. बाहेरच्या देशातून नवी जात हवी असेल तर 2003 च्या प्लांट क्वारंटाईन आदेशाप्रमाणे आयात परवाना, तिकडचं फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र आणि इथलं विलगीकरण, हे तिन्ही हवंच. झायलेला या जिवाणूची लागण झालेली काडी वरून ठणठणीत दिसू शकते, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळत नाही.

दुसरा रस्ता मातीचा. फायलोक्झेरा हा कीटक द्राक्षाच्या मुळांवर जगतो, पिवळसर, जेमतेम 1 मिलिमीटरचा. एकदा मुळांत बसला की औषधाने निघत नाही, प्रतिकारक खुंटावर (कलमाच्या खालच्या मुळाच्या भागावर) नवी लागवडच करावी लागते. परदेशातल्या बागा बघून आलात तर तेच बूट आपल्या बागेत नकोत. फाटकाशीच बुटांचा चिखल ब्रशने पूर्ण काढा, मग 2 टक्के हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) 60 सेकंद बुडवा. 5 टक्क्यांचं ब्लीच असेल तर 2 लिटरला 3 लिटर पाणी. चिखल राहिला तर क्लोरीन त्यातच संपतं. सगळे इथेच चुकतात. द्रावण रोज ताजं करा.

वाशी मार्केटमधून परतणारे क्रेटही बघा, खाचांमध्ये मिलीबग (पिठ्या ढेकूण) चिकटून येतो. धुऊन, वाळवूनच आत घ्या.

अनोळखी लक्षण दिसलं तर वेल उपटून इकडे तिकडे नेऊ नका. फोटो काढा, खुणेची फीत बांधा आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला कळवा.